दोन फेऱ्यांचे धनुष्य

लीलँड टेशने चौतीस वर्षे लोकांचे काटे तपासले. खाटिकांचे काटे, चीज कारखान्यांचे काटे, धान्याचे ट्रक ज्यांवर चढतात ते जमिनीत बसवलेले मोठे काटे, आणि पेट्रोलचे पंप. सगळा शबॉयगन जिल्हा त्याच्या पायाखालचा. गाडीत मागे लाकडी खोक्यात प्रमाण वजने असत. ती तो हातमोजे घालूनच उचलायचा, कारण बोटांचा घामही वजनाला चिकटतो. काटा बरोबर असला तर हिरवी चिठ्ठी, नसला तर लाल. लाल चिठ्ठी लावताना तो बोलत नसे. बोलायला लागले की लोक कॉफी विचारतात, आणि कॉफी घेतली की चिठ्ठीचा रंग बदलावासा वाटतो, असे त्याचे मत होते.

बाप दूधवाला शेतकरी, बत्तीस गाई. चीज कारखान्याचा काटा आपल्याला लुबाडतो, असा बापाला जन्मभर संशय. नोकरीला लागल्यावर तिसऱ्याच महिन्यात लीलँडने तो काटा तपासला. बरोबर निघाला. घरी येऊन सांगितले, तर बाप म्हणाला, “तुलाही विकत घेतलं वाटतं.”

गुरुवारी मात्र लीलँड अशा राज्याचा कारभार पाहायचा, ज्यातले काहीच काट्यावर ठेवता येत नव्हते. त्याच्या तळघरात १९७६ पासून एक टेबल चालत होते. खेळ कागद, पेन्सिल आणि नाना कोनांच्या फाशांचा. चार-पाच जणांनी एकेका पात्राचे सोंग घ्यायचे, कोणी भालाईत, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आणि पंचाने त्यांच्यापुढे दऱ्या, लुटारू, राक्षस आणायचे. पात्र काय करते ते खेळाडू तोंडाने सांगतो. जमले की नाही ते फासा सांगतो. फाशावर किती पडले म्हणजे जमले, ते नियम सांगतो. भांडणे सगळी या शेवटच्या गोष्टीवरून. लीलँड पंच झाला तो कोणी निवडून दिला म्हणून नव्हे. फासे त्याचे होते आणि तळघरही त्याचेच. अर्डिसशी लग्न ठरले तेव्हा त्याने तिला दोन गोष्टी आधीच सांगून टाकल्या: जिथले काटे तो तपासतो त्या दुकानांतून मांस घेणार नाही, आणि गुरुवारी तो घरी असला तरी घरी नसतो.

एके काळी टेबलाभोवती नऊजण असायचे. २०१९ च्या मार्चमध्ये, ज्या महिन्याची ही हकिगत आहे, लीलँडला सोडून तीन उरले होते. रॉजर व्हरहल्स्ट, ऊस्टबर्गच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला; सगळे त्याला मास्तर म्हणत. मार्लिस कोबर, जिच्या बेकरीचे कडक पाव अर्धे शहर रविवारी हॅम घालून खात असे. आणि ड्वेन हॉपर्ट, ज्याने एकतीस वर्षे ओतशाळेत लोखंड ओतले. रात्रीचे टेबल आता दुपारी एकला भरायचे. अंधारात गाडी चालवणे तिघांनीही सोडले होते.

भांडण जुने होते आणि त्याच्या दोन बाजू कधी बदलल्या नाहीत. रॉजरचे म्हणणे, हत्यार इतिहासात जसे होते तसेच खेळात असावे. सैन्ये भाल्यावर चालली. तलवार म्हणजे श्रीमंताच्या कमरेचा दागिना. मग खेळात भाला सगळ्यांत वरचढ हवा. मार्लिसचे म्हणणे, खेळ म्हणजे इतिहासाचा तास नव्हे. भाला वरचढ केला की शहाणा माणूस भालाच घेणार. टेबलावर चार भालाईत बसवायचे असतील तर ती घरी बसून कणीक मळेल. प्रत्येक हत्याराला त्याचे काहीतरी मोल असले पाहिजे, नाहीतर ते धरून बसणाऱ्या माणसाला काय मोल? तिचे पात्र, एक चोरटी बाई, सुरी बाळगायचे. ड्वेनला दोन्ही बाजूंत रस नव्हता. त्याच्याकडे आडवे धनुष्य होते, क्रॉसबो, आणि त्याचे बरे चालले होते.

वाद मिटवायची या टेबलाची एक रीत होती, आणि ती आणखी कुठे असल्याचे लीलँडच्या ऐकिवात नव्हते. १९७९ साली रॉजर म्हणाला, दोन हातांची तलवार दहा सेकंदांत तीनदा फिरते. ड्वेन म्हणाला, एकदा फिरली तरी नशीब. तासभर दोघांचे वाजले. शेवटी लीलँड उठला, गॅरेजमध्ये गेला, फावड्याच्या दांड्याला शिसे गुंडाळून सात पौंड भरवले आणि खिशातून स्टॉपवॉच काढले. रॉजरने दांडा फिरवला. दहा सेकंदांत चारदा. चौथ्यांदा लीलँडच्या गाडीचा मागचा दिवा गेला. वहीत लिहिले गेले: तीन, चौथी दिव्याला लागली, धरली नाही.

तेव्हापासून नियम झाला. जो हरकत घेईल त्याने गॅरेजमध्ये जाऊन स्वतःच्या अंगाने करून दाखवायचे. घड्याळ सांगेल ते वहीत. एकदा वहीत गेले की वाद बंद. चिलखत अंगावर चढवायला किती वेळ लागतो हे मार्लिसने जुन्या कोटाला लोखंडी वायसर शिवून, तो घालून ठरवले. जखमी माणसाला खांद्यावर टाकून किती लांब पळता येते हे ड्वेनने रॉजरला खांद्यावर टाकून ठरवले. शेजारच्या बाईने दोनदा पोलीस बोलावले.

अडचण अशी, की गॅरेज बहुतेक वेळा रॉजरच्या बाजूने निकाल द्यायचे आणि खेळ बहुतेक वेळा त्या निकालाने बिघडायचा. सात फुटी दांडा घेतलेल्या रॉजरपुढे हातात लाकडी चमचा घेऊन मार्लिस बारा वेळा धावली. अकरा वेळा दांडा तिच्या पोटाला लागला. वहीत आकडा गेला, सुरी निकामी झाली. मार्लिस दोन गुरुवार आली नाही. तिसऱ्या गुरुवारच्या आत लीलँडने गॅरेजमधून न आलेला पहिला नियम वहीत घातला: जिना, भुयार किंवा नाव अशा अडचणीच्या जागी भालाईताने दोन फासे टाकावेत आणि त्यांतला वाईट धरावा. त्यानंतर त्याच्या राज्यातले लुटारू मोकळी मैदाने सोडून भुयारांत राहायला गेले. न्याय नियमात मावत नाही तेव्हा पंच तो भूगोलात घालतो. रॉजरच्या हे ध्यानात यायला चार वर्षे लागली, आणि आल्यावरही तो महिनाभर फुगून बसला.

ड्वेनच्या धनुष्याची गोष्ट १९८३ ची. ते धनुष्य खरेच होते. ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगचे पाते, अक्रोडाच्या लाकडाचा दांडा, आणि दोरी मागे ओढायला दोन मुठींचा छोटा रहाट. ड्वेनने ते सुटीच्या दिवशी कारखान्यातल्या यंत्रांवर केले. रहाटाला दातेरी चाक होते. मूठ फिरवली की टक्‌ टक्‌ वाजत दोरी मागे यायची. ड्वेन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याचे दंड बघून लोक हात मिळवायचा विचार सोडून देत. घड्याळ रॉजरच्या हातात. अठरा सेकंद. त्यांच्या खेळात एक फेरी म्हणजे दहा सेकंद, म्हणून लीलँडने लिहिले: आडवे धनुष्य, पुन्हा चढवायला दोन फेऱ्या.

वजनमापांच्या खात्यातल्या माणसाने ही चूक करायला नको होती. एका माणसाची एक मोजणी म्हणजे प्रमाण नव्हे, हे त्याला पहिल्या आठवड्यात शिकवले होते. पण त्या दुपारी बियर झाली होती. त्यामुळे पुढची छत्तीस वर्षे त्या कल्पित राज्यातला प्रत्येक धनुर्धर, मग तो मरतुकडा पहारेकरी असो की म्हातारा राजा, ड्वेन हॉपर्टच्या हाताने धनुष्य चढवत राहिला.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी रॉजर एक जाड पुस्तक घेऊन आला. निवृत्त झाल्यापासून तो मिलवॉकीच्या ग्रंथालयातून असली पुस्तके आणायचा. जुन्या शहरांच्या शिबंदीच्या नोंदी त्यात होत्या. त्याने खूण घातलेले पान उघडले. पोलादी पात्याचे धनुष्य रहाटाने चढवायला मिनिटभर लागे. सहा फेऱ्या. दोन नव्हेत. लीलँडने पान वाचले. आकडा खरा वाटला. खरे तर तो त्याला १९८३ पासूनच खरा वाटत होता.

रॉजरने हे वाईट हेतूने आणले नव्हते. छत्तीस वर्षांत त्याचे तीन भालाईत मेले होते आणि तिन्ही वेळा मारणारा शत्रू धनुर्धर होता. शिवाय निवृत्त मास्तराला कुठेतरी बरोबर असावे लागते.

“सहा ठेवू या,” तो म्हणाला. “ड्वेनला काही फरक पडत नाही. थोडा थांबून मारेल.”

ड्वेनने पुस्तकाकडे पाहिलेही नाही. “गॅरेज,” तो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी ड्वेनच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि ती नीट बसली नव्हती. दुधाचा कॅन तो डाव्या हाताने उचलायचा.

“पुस्तकात दिलंय की,” मार्लिस म्हणाली. “गॅरेज कशाला?”

“पुस्तकाने माझं धनुष्य चढवलं नाही. हरकत माझी आहे, मीच करणार. पुढच्या गुरुवारी. आज तिथं बर्फाची फावडी पडलीत.”

तो आठवडा लीलँडला जड गेला. ड्वेनला तो पन्नास वर्षे ओळखत होता. ड्वेनला एखादी गोष्ट जमेनाशी झाली की तो ती कमी करत नसे, सोडून देत असे. बोलिंगचा चेंडू पहिल्यांदा हातातून निसटला, त्याच आठवड्यात त्याने बूट देऊन टाकले. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडताना एकदा खांदा अडला, तर मासेमारीची झोपडी वसंत येण्याआधीच विकली. जर्मन आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला शीप्सहेडचा पत्त्यांचा अड्डाही त्याने सोडला, कारण वाटताना पत्ते सांडले. बायको जाऊन सहा वर्षे झाली होती. आता डॉक्टर, शुक्रवारचा तळलेला मासा आणि हा गुरुवार, एवढ्यासाठीच तो घराबाहेर पडायचा. मासा तो आणून घरीच खायचा.

अर्डिसला त्याने हे सांगितले. ती म्हणाली, “मग खोटं लिही.” ते आपल्याला जमेल की नाही हे लीलँडला खरोखरच ठाऊक नव्हते. करून पाहिले नव्हते.

दुसऱ्या गुरुवारी चौघे गॅरेजमध्ये उभे राहिले. दार उघडे ठेवले होते, तरी श्वासाची वाफ दिसत होती. ड्वेनने कोट काढून बाकावर ठेवला, धनुष्याच्या पुढच्या कडीत पाय रोवला आणि रहाटाच्या मुठी धरल्या. लीलँडने घड्याळ दाबले.

पहिले दहा दाते भराभर वाजले. मग दोन वाजण्यांमधली जागा वाढू लागली. चाळीस सेकंदांना ड्वेनने उजवा हात काढून झटकला, पुन्हा लावला. मिनिट झाले तेव्हा दोरी अर्ध्यावर होती. मार्लिस बाहेर रस्त्याकडे बघत होती. नव्वद सेकंदांनी मूठ फिरेना. ड्वेन तसाच वाकून राहिला, ओढत नव्हता, सोडतही नव्हता. मग त्याने हात काढले.

रहाट उलटा सोडायला लीलँड पुढे झाला. ड्वेनने त्याला कोपराने बाजूला केले आणि डाव्या हाताने एकेक दाता मागे घेत दोरी स्वतःच सैल केली. त्याला बराच वेळ लागला. तो कोणी मोजला नाही.

“मोजणी अपुरी,” लीलँड म्हणाला. हे वाक्य त्याने आठवडाभर घोकले होते. “आमच्या खात्यात काटा स्थिर झाला नाही तर आकडा लिहीत नाहीत. आधीचं प्रमाणपत्र चालू राहतं. दोन फेऱ्या.”

ड्वेन कोट घालत होता. उजवी बाही सापडत नव्हती. “इन्स्पेक्टर,” तो म्हणाला, “काटा स्थिर झाला नाही तर तुम्ही लाल चिठ्ठी लावता. माझ्या मेव्हण्याच्या काट्याला लावलीस. अर्धा औंस. ऐन ख्रिसमसच्या तोंडावर. माझी बायको वर्षभर तुझ्या अर्डिसशी बोलली नाही.”

“तो काटा होता.”

“आणि मी कोण? लिही.”

“ड्वेन, मी सहा म्हणालो होतो,” रॉजर मध्ये पडला. “पुस्तकात सहा आहे. एका माणसाच्या हातावरून काय ठरतं?”

“छत्तीस वर्षं ठरत होतं ना, मास्तर. घड्याळ तुझ्याच हातात होतं.”

लीलँडने वही बाकावर ठेवली आणि लिहिले. ड्वेन हॉपर्ट. नव्वद सेकंद. अपुरे. लढाई चालू असताना पुन्हा चढत नाही. ड्वेनने खांद्यावरून वाकून ते वाचले आणि मान हलवली. मग त्या दिवशी खेळ झालाच नाही. मार्लिसने आणलेले पाव तसेच राहिले.

पुढचा गुरुवार उजाडला तेव्हा ड्वेन येईल अशी लीलँडची खात्री नव्हती. एक वाजला. मार्लिस आणि रॉजर येऊन बसले आणि तळ्यावरच्या वाऱ्याबद्दल बोलले. एक वाजून दहा मिनिटांनी तळघराच्या जिन्यावर पावले वाजली. ड्वेनने कोट काढला नाही. किल्ल्या खिशात न ठेवता टेबलावर, फाशांच्या शेजारी ठेवल्या.

लीलँडने त्या दिवसासाठी नदीचा उतार ठरवला होता. पलीकडच्या काठावरून तेरा लुटारू येतात, पाणी कमरेएवढे, अलीकडे तिघेजण. हा डाव महिनाभर आधी आखलेला होता. तो बदलायचा त्याने विचार केला होता. एखादे कोडे, एखादा म्हातारा जोगी, धनुष्याचे काम पडणारच नाही असे काही. पण ड्वेनला ते पहिल्या मिनिटात कळले असते.

पहिल्या फेरीत ड्वेनने बाण मारला. फासा चांगला पडला. बारा लुटारू उरले.

दुसऱ्या फेरीत रॉजरने भाल्याने एकाला अडवले, मार्लिसची चोरटी बाई दगडाआड सरकली. ड्वेनचा डाव आला.

“माझं काही नाही,” तो म्हणाला.

तिसरी फेरी. रॉजर, मार्लिस, लुटारू, मग ड्वेन. “काही नाही.”

लीलँडने सुचवले की कमरेला हातघाईची तलवार आहे. ड्वेन म्हणाला, त्याच्या हातात तिचे बारापैकी दोनच वार लागतात, तोही आकडा वहीत आहे, गॅरेजमध्ये त्यानेच काढला होता. चौथ्या फेरीला त्याने फक्त हात हलवला. पाचव्याला तेही नाही. लीलँडने त्याच्याकडे पाहिले आणि पुढे गेला. टेबलावरची एक फेरी म्हणजे राज्यातले दहा सेकंद, पण तळघरातली सात-आठ मिनिटे. रॉजर अंतर मोजायचा, मार्लिस फासे हातात घोळवायची, आणि एक माणूस कोटात बसून समोरच्या भिंतीवरच्या लाकडी फळ्या बघायचा. चाळीस मिनिटे झाली. लीलँड दमला होता. लढाईने नव्हे, इतकी वर्षे जे बरोबर आहे ते लिहायचे आणि मग त्याच्यासमोर बसायचे, याने. आकडा खरा होता. आकड्यात काही खोट नव्हती.

ड्वेनने पेन्सिल उचलली, तिच्या डबीत ठेवली आणि डबीचे झाकण लावले. रॉजरने ते पाहिले. डाव रॉजरचाच होता.

“माझा माणूस भाला खाली टाकतो,” तो म्हणाला.

मार्लिसने वर पाहिले. “का रे बाबा? पाण्यात पाच जण आहेत.”

“भाला खाली टाकतो. दोन पावलं मागे येतो. ड्वेनच्या माणसाच्या हातातलं धनुष्य घेतो आणि रहाट फिरवायला लागतो.” तो कोणाकडे न बघता बोलत होता, वर्गात उत्तर चुकलेल्या मुलासारखे त्याचे कान लाल झाले होते. “शिबंदीत असंच असायचं. एक मारणारा, एक चढवणारा. चढवणाऱ्याचा पगार वेगळा लिहिलाय. त्याच पुस्तकात, पुढच्याच पानावर. मी आकडा बघितला आणि पुस्तक मिटलं.”

“भाला खाली टाकलास की परत उचलायला एक फेरी,” लीलँड म्हणाला.

“माहितीय.”

“रहाटावर हात असताना ढाल धरता येत नाही. तुझ्यावर वार करणाऱ्याला फाशावर तीन जास्त.”

“माहितीय म्हटलं ना.”

“आणि सहा फेऱ्या.”

“सहा,” रॉजर म्हणाला. “का गॅरेजमध्ये जाऊ?”

“आज कोणी गॅरेजमध्ये जाणार नाही,” मार्लिस म्हणाली. “माझी पाठ आधीच धरलीय. लिहा सहा आणि पुढे चला, बाबांनो.”

लीलँडने सहा लिहिले. ड्वेन रॉजरकडे बघत होता, आणि त्या बघण्यात काही उपकाराची जाणीव वगैरे नव्हती. “डावीकडून धरू नको,” तो म्हणाला. “डावीकडून धरलंस की दोरी तिरकी येते. पाय कडीत घाल आधी. घातलास का?”

“घातला.”

“सांगितलं नाहीस. न सांगता घातलेला पाय पंच धरत नाही.”

“पाय कडीत घालतो,” रॉजर म्हणाला.

पुढच्या सहा फेऱ्या रॉजरला वाईट गेल्या. लुटारूंना निःशस्त्र माणूस सापडला आणि लीलँडने त्यांना दयाबुद्धी दिली नाही. तो शत्रूचे फासे नेहमी सगळ्यांसमोर टाकायचा, तसेच त्याने आजही टाकले. दुसऱ्या फेरीत रॉजरच्या माणसाला मांडीवर घाव बसला, चौथ्या फेरीत खांद्यावर. मार्लिसची सुरी एकटी पाण्याच्या कडेला लढत होती आणि ती रॉजरला उद्देशून सतत काहीतरी पुटपुटत होती, त्यातले काही छापण्याजोगे नव्हते. ड्वेन दर फेरीला सूचना देत होता. हिसका देऊ नको. श्वास सोडताना फिरव. आता जड जाईल, तिथे थांबायचं नाही, थांबलास की संपलं. त्याने खोली गरम आहे म्हणून कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. किल्ल्या वहीखाली गेल्या होत्या.

सहाव्या फेरीअखेर रॉजरच्या माणसात जिवाचे चार गुण उरले होते; ते संपले की माणूस मेला. धनुष्य चढले.

“दे,” ड्वेन म्हणाला. त्याने फासा डाव्या हातात घेतला. वीसपैकी अकरा किंवा वर हवे होते. लुटारूंचा म्होरक्या वीस पावलांवर होता आणि रॉजरकडेच येत होता.

फासा टेबलावर घरंगळत गेला, मार्लिसच्या कॉफीच्या कपाला अडला आणि थांबला. पाच. बाण म्होरक्याच्या डोक्यावरून पलीकडच्या काठावर गेला.

सगळे लीलँडकडे पाहू लागले. निकाल आपल्या हातात आहे हे त्याला ठाऊक होते. कपाला अडलेला फासा पुन्हा टाकायला सांगता आला असता. तसे करणारे पंच आहेत. त्याने वाकून पाहिले. फासा सपाट बसला होता, कुठे कलला नव्हता.

“चुकला,” तो म्हणाला.

रॉजरने चष्मा काढून डोळे चोळले. चार गुण आणि भाला जमिनीवर. ड्वेनने हात लांब करून फासा उचलला आणि आपल्यासमोर ठेवला. मग रिकामेच हात रॉजरकडे करून त्याने धनुष्य पुढे केल्यासारखे केले.

“चढव परत, मास्तर,” तो म्हणाला.